चांगुणाची मुलाखत

श्रीरामपूर,
५ जून १९७१

ती. आप्पांना मनकर्णाचा साष्टांग नमस्कार.

कालच्या प्रवेशाच्या मुलाखतीचं इथल्या अध्यापिका विद्यालयातल्या ओळखीच्या बाईंकडून कळलं. आप्पा, तुम्ही आत का गेलात? बाईंनी चांगुणाला नाव विचारलं, ते तुम्ही सांगितलं. आवडता विषय विचारला, तोही तुम्हीच. ती खाली बघत राहिली. मार्क चांगले आहेत, पण ही वर्गापुढं उभी कशी राहणार, असं बाई म्हणाल्या.

घरी पाहुणे आले की आम्हा बहिणींना आत पिटाळायचं, आणि कुणी काही विचारलंच तर उत्तर तुम्ही द्यायचं, ही आपल्या घरची रीत. मी बी.ए. झाले, शाळेत शिकवते. तरी हेडमास्तरांनी हाक मारली की अजून मान खाली घालूनच जाते. हे सांगून सांगून थकले आता. सोमवारी, १४ तारखेला, तिला पुन्हा बोलावलंय. या वेळी बाहेर थांबा.

रागावलात तरी लोभ राहू द्या.

तुमची मनकर्णा

देवळाली प्रवरा,
९ जून १९७१

चि. मनकर्णास भिमाजीचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी आई म्हनली, पोरगी बापाला शाळा शिकवाया लागली. शिकव. धाकात ठेवलं म्हनून तुमी शिकल्या, असं मला वाटत हुतं. चावडीत माझा बाप माझ्या वतीनं बोलायचा, तवा मी दोन लेकरांचा बाप हुतो. दुसरी रीत मला ठावी न्हाई. पोर गप बसली की जीव कासावीस हुतो, मग मीच बोलून टाकतो.

सोमवारी तिला फाटकाशी सोडून लगेच माघारी येनार. थांबलो तर पाय आत वळतील. मग आठ दिस तुझ्याकडं राहू दे तिला.

बापावरची माया पातळ करू नगं.

भिमाजी

श्रीरामपूर,
१५ जून १९७१

ती. आप्पांना मनकर्णाचा साष्टांग नमस्कार.

चांगुणा माझ्याकडं सुखरूप आहे. काल ती बोलली. शिक्षिका का व्हायचंय, असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "मला व्हायचं नाही. फॉर्म आक्कानं भरला."

हे ऐकून मी ओशाळले. चार महिने तिच्यासाठी धडपडले, तुम्हाला उपदेश केला, आणि तिला एकदाही विचारलं नाही. आज विचारलं. तिला नगरला राहून नर्सिंग शिकायचंय. तुमची परवानगी मागणारं पत्र तिनं स्वतः लिहिलंय, सोबत जोडलं आहे. मी ते वाचलेलं नाही.

मला काय वाटतं तेही लिहीत नाही. उत्तर मला पाठवू नका, आप्पा. पत्ता हाच, पण पाकिटावर नाव तिचं घाला.

दोघींवर सारखाच लोभ असावा.

मनकर्णा