नणंदेसाठी घेतलेली साडी

अण्णा, आई गेली. तुम्हाला हे माझ्याआधी कळलं असेल, आणि आतापर्यंत तिने तिथल्या व्यवस्थेबद्दल चार तक्रारीही केल्या असतील. पण मी त्याबद्दल लिहायला बसलेले नाही. मी बसले आहे ते एका जुन्या साडीबद्दल आणि वहिनीला द्यायच्या माझ्या एका किडनीबद्दल लिहायला. दोन्हींचा संबंध काय, हे दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी तुम्ही कोण होतात इथपासून सुरुवात करावी लागेल. तुम्हाला तो लगेच कळेल.

शाळेला सुट्टी असली की तुम्ही कामाला होतात त्या चिकपेटच्या साड्यांच्या दुकानात मला न्यायचात, कारण आई आणि मी एका खोलीत फार वेळ राहिलो की भांड्याला भांडं लागायचंच. एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी पांढऱ्या गादीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले आहे आणि तुम्ही घडीमागून घडी उलगडताय. समोरची बाई धारवाडकडची. नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, नणंदेला मानाची साडी घ्यायची आहे, नणंद उंच आणि सावळी आहे, हे सगळं तिने बसल्या बसल्या सांगून टाकलंय. पण प्रत्येक साडीचा पदर ती स्वतःच्या खांद्यावर टाकते, आरशात बघते, मान वाकडी करून पुन्हा बघते, आणि जो रंग तिच्या गोऱ्या वर्णाला खुलत नाही तो बाजूला सारते. शेवटी तिने एक फिकट अबोली साडी धरून ठेवली. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "पण साडी तुमच्या नणंदेला आहे ना?" बाईचा चेहरा उतरला. साडी तिथेच ठेवून "मग येते" म्हणाली आणि गेली ती पुन्हा आली नाही. मालकांनी तुमच्याकडे नुसतं बघितलं. घरी येताना गर्दीतून तुम्ही माझा हात धरून चालत होतात.

"स्वल्प गप्प बसायचं होतंस, पुट्टी," तुम्ही म्हणालात. "बघू द्यायचं होतं तिला आरशात."

"पण ती स्वतःसाठीच बघत होती, अण्णा."

"बघू दे की. सगळेच बघतात. स्वतःच्या खांद्यावर न टाकता दुसऱ्याला साडी घेणारं माणूस मी तरी अजून बघितलं नाही. पण साडी नणंदेच्याच घरी चालली होती ना? आता हिला लाज वाटली, अन् नणंदेला साडी नाही. दोघींचंही गेलं."

तुम्ही हे कडवटपणाने म्हणाला नव्हतात. पाऊस वरून खाली पडतो म्हणावं, तसं म्हणालात. माणूस मुळात आपमतलबी, आणि त्यात एवढं वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. साडी पोचल्याशी मतलब. मी हे तेव्हाच गाठीला बांधलं. पुढे सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी धरली, तिथे तर ते फारच उपयोगी पडलं. मी कोणाच्या चांगुलपणाने भारावून गेले नाही, आणि कोणाच्या लबाडीने मला धक्काही बसला नाही. लोक मला कोरडी म्हणतात. लग्न केलं नाही, एचएसआर लेआउटमध्ये दोन खोल्यांचं घर घेतलं, वर्षातून एकदा एकटीच कुठेतरी लांब फिरून येते. हे सगळं मला आवडतं, आणि आवडतं म्हणायला मी लाजत नाही.

आता वहिनीचं. तुम्ही निपाणीकडून सून करून आणलीत, तिला आईच्या हवाली केलंत आणि दोन वर्षांत स्वतः निसटलात. त्यानंतर आईला सांभाळलं ते तिनेच. दादा पीण्या भागातल्या एका कारखान्यात पाळ्या करत राहिला. त्यांना मूल झालं नाही, आणि त्याचा दोषही आईने कोणाला दिला हे सांगायला नको. गेल्या वर्षी वहिनीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दादाला शुगर, त्यामुळे तो बाद. तिच्या माहेरचं कोणी जुळेना. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आणि मध्येच एकदा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा आई माझ्याकडे राहायला आली.

त्या आठवड्याचं वर्णन तुम्हाला सांगणं म्हणजे सासुरवाशिणीला सासर समजावून सांगणं. दारातच तिने विचारलं, "हे घर आहे की लॉज?" चहा गरम होता म्हणून ठेवला, आणि गार झाला म्हणून परत केला. माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे तिने तिच्या पद्धतीने लावले. ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना मागे येऊन उभी राहायची आणि ही माणसं कोण, यातला लग्नाचा कोण, म्हणून मोठ्याने विचारायची. खालच्या वॉचमनला तिने तिच्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की मुलगी मला उपाशी ठेवते. त्याने भाबडेपणाने दोन केळी वर आणून दिली. मी हसले नाही. केळी हातात घेऊन उभी असताना मला लख्ख दिसलं की वहिनी गेली तर आई कायमची इथे येणार. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन माझ्या तपासण्या कधी करता येतील ते मी विचारून आले.

तेव्हा अण्णा, माझ्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. एका पारड्यात किडनी, दुसऱ्या पारड्यात आई. किडनी हलकी होती. मला तुमची ती धारवाडची बाई आठवली आणि हसू आलं. पदर माझ्याच खांद्यावर होता, पण साडी योग्य घरी चालली होती. माझ्या सगळ्या तपासण्या जुळल्या. दादा रडला, माझे पाय धरायला निघाला. "अरे, उठ," एवढंच मी म्हणाले, आणि त्यातही त्याला थोरवी दिसली.

कायद्याच्या लेखी मात्र नणंद ही जवळची नातेवाईक नाही. कायदा करणाऱ्यांच्या घरी नणंदा असणार. त्यामुळे आम्हा दोघींना एका समितीसमोर बसावं लागलं. कोणी बळजबरी केली नाही ना, काही घेतलं नाही ना, हे सगळं विचारून झाल्यावर त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी चष्मा काढून मला कन्नडमध्ये विचारलं, "याके कोडतीरा?" का देताय. खोलीत कॅमेरा सुरू होता. शेजारी वहिनी, पदराचं टोक मुठीत धरून. आई नको म्हणून देते, असं काही मी सांगू शकत नव्हते. मी म्हणाले, "प्रीती." आपल्या घरात तो शब्द कोणी कोणाबद्दल उच्चारला असेल असं मला आठवत नाही, मराठीत विचारलं असतं तर मी अडखळले असते. कन्नडमध्ये तो भाजीवाल्याला "सरी, सरी", ठीक आहे, म्हणावं तसा सहज सुटला. बाईंनी चष्मा पुन्हा लावला. परवानगी मिळाली.

आणि मग आई गेली. सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तर उठलीच नाही. मी पोचले तेव्हा तिचा चेहरा इतका बिनतक्रार होता की ती आईच वाटेना. मी खूप रडले, अण्णा. मलाच त्याचं आश्चर्य वाटलं. ती माझ्या घरी यायला नको होती, पण ती कुठेच नसावी असं मला वाटत नव्हतं. या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा कामावर गेला होता आणि मी वहिनीबरोबर स्वयंपाकघरात बसले होते. तिला पाणी मोजून प्यायचं असतं, त्यामुळे ती बर्फाचा खडा तोंडात घोळवत होती. पाय सुजलेले. तो खडा पूर्ण विरघळेपर्यंत ती थांबली.

"वन्सं, एक बोलू? आता आई न्हाईत. आता तुमाला हे करायची गरज न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे काय. मला कळत न्हवतं व्हय? आईंना तुमच्याकडं ठेवून घ्यायला लागू नये म्हणून तुमी तयार झालासा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"कधी कळलं तुला?"

"तिथं तुमी प्रीती म्हटलासा तवा. आपल्यात असं कोण म्हणतंय? खरंच तसं असतं तर तुमी गप बसला असतासा."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला जगायचं होतं की," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आता बी जगायचं हाय. पर तुमाला अडकवून ठेवल्यागत वाटाय लागलंय. तुमी न्हाई म्हटलासा तरी मी ह्यांना काय सांगणार न्हाई. डॉक्टरच नको म्हटले म्हणून सांगू."

दार सताड उघडं होतं, अण्णा. निमित्तसुद्धा तिनेच शोधून दिलं होतं. हे सगळं होईपर्यंत मी मनातल्या मनात त्याचीच वाट बघत होते, हेही खरं. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, दिवा तेवत असताना, आता कशाला द्यायची, हा विचार मला स्पष्ट शब्दांत आला होता. तरी मी म्हणाले, "माझी रजा मंजूर झालीय."

"रजेला काय, कुठं तरी फिरून यावा की."

"मला फिरायला आवडत नाही," मी म्हणाले. वहिनी हसली, मग तिला ठसका लागला, मग ती रडायला लागली, आणि मी उठून उगाचच ओटा पुसला.

तेव्हापासून मी माझा मतलब शोधते आहे. चुका शोधण्यात जन्म गेल्यामुळे शोधायचं कसं ते मला माहीत आहे. लोकलाज म्हणावी, तर बाहेर कोणाला ठाऊक नाही. दादाचे उपकार म्हणावेत, तर तसे काही नाहीत. मोठेपणा हवा म्हणावं, तर ज्या एकाच माणसासमोर तो मिरवता आला असता तिने मला आरपार पाहिलंय. मतलब नाहीच, असं मी म्हणणार नाही. तुमची मुलगी आहे, कुठेतरी असेल, खोल गेलेला असेल. पण तुम्हाला विचारायचं होतं: त्या एवढ्या वर्षांत आरशाकडे पाठ करून बसलेली एकही बाई खरंच आली नव्हती? की ती आली, घेऊन गेली, आणि बघण्यासारखं काही घडलंच नाही म्हणून तुमच्या लक्षात राहिली नाही?

परवा सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं आहे. बॅग भरली आहे. हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, कोणाला वाचायला देणार नाही. तुम्हाला एकदा वाचून दाखवलं की फाडून टाकेन. भीती वाटते. भूल दिल्यावर उठलेच नाही तर, ही भीती आहेच. पण बारकाईने बघितलं तर ती दुसऱ्या नंबरावर आहे. पहिली भीती ही, की माझी किडनी तिच्या शरीराला मानवेल का. माझीच ती, आडमुठी निघायची. आज सकाळी आंघोळ करताना हात कमरेमागे गेला आणि, अण्णा, सासरी निघालेल्या मुलीला सांगावं तसं मी तिला सांगितलं, "नीट राहा गं तिथे. वहिनीला त्रास देऊ नकोस." मोठ्याने म्हणाले.