सतरा नंबरची पकड

तीर्थरूप मामा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात सध्या सोललेले आहेत, त्यामुळे जरा सैलच जोडलेत, भावना घट्ट आहे असं धरावं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला, की अजून तुम्ही बोलायला लागलात की नेमका येतो? फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकता आणि दुसऱ्यापासून स्वतःच बोलता. मला तर मुद्द्याच्या गावाला पोचायलाच आठ-दहा वाक्यं लागतात, तीही आडवाटेने. म्हणून पत्र.

बातमी अशी, की नोकरी अजून आहे. (ही ओळ मामींना मोठ्याने वाचून दाखवा.) मागच्या भेटीत तुम्ही म्हणाला होतात, ‘तीन महिने एका जागी टिकून दाखव, मग तुला माणूस म्हणेन.’ येत्या शनिवारी तीन महिने भरतात, आणि त्याच दिवशी आमच्या मालकीणबाई मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार आहेत. आणि मामा, खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदाच मला राहायचंय. घड्याळाच्या दुकानातून, बेकरीतून, त्या बोटीवरून (बोट धक्क्याला बांधलेली होती, तरी मी निघून आलो) माझं मन दर वेळी माझ्याआधी सामान बांधायचं. इथे ते पाय पसरून बसलंय. कारण सोपं आहे. लहानपणापासून घरीदारी मी एकच वाक्य ऐकलं, ‘हात लावू नकोस.’ इथे मला हात लावायचा पगार मिळतो.

तुम्ही जन्मभर दुकानदारांची वजनं-मापं तपासलीत. मी पकडी तपासतो. म्हणजे आपल्या घराण्याचाच धंदा. पकड म्हणजे काय, तर हल्ली शहरात मोठमोठ्या हॉलमध्ये चढायच्या भिंती असतात. प्लायवुडच्या उंच भिंतीवर रंगीबेरंगी गोळे बोल्टने बसवलेले असतात, लोक कमरेला दोर बांधून ते धरत-धरत वर जातात, वर काहीही नसतं, मग खाली येतात. (‘जिना बांधायला काय झालं होतं?’ हा तुमचा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू आला.) ते गोळे आमच्या कारखान्यात होतात. कोरकाका नावाचा आमचा कारागीर फोमच्या ठोकळ्यातून आकार कोरतो, त्याचा साचा काढतात, साच्यात रेझिन ओततात, आणि तासाभराने भाजलेल्या रताळ्यासारखी गरम पकड बाहेर पडते. कोरकाका म्हणजे साठीचा, अबोल, तोंडात कायम चार वॉशर धरून गुणगुणणारा माणूस. डोक्यावर लोकरीची टोपी. ती काढलेली कारखान्यात कुणीही पाहिलेली नाही. टोपीवरून एकदा मला एक गोष्ट आठवली होती, पण ती पुन्हा कधीतरी.

तर तपासणीची आमची पद्धत फार कडक आहे. आधीचा तपासनीस लाल पकडींना जास्त मार्क द्यायचा म्हणे, म्हणून बाईंनी एक खोकं करून घेतलंय. पुढे दोन भोकं, त्यांना जुन्या स्वेटरच्या बाह्या शिवलेल्या. मी पुढून हात घालायचे, मागून कोरकाकाने पकड बसवायची आणि खोक्यावर दोनदा टकटक करायचं. टकटक झाली की मी हातांना पांढरी पूड लावून चाचपायचं, वजन टाकून लटकून बघायचं, आणि न बघता वहीत शेरा लिहायचा. वहीत ‘छान’ आणि ‘बरी’ या शब्दांना बंदी. पहिल्या आठवड्यात माझी सगळी पानं बाईंनी लाल शाईने आडवी केली. ‘छान म्हणजे काय?’ त्या म्हणाल्या. ‘छान तर हवाही असते. तुझ्या बोटांना काय वाटलं ते लिही.’ तेव्हापासून मी लिहायला शिकलो. ‘चार बोटांना घर मिळतं, अंगठा मात्र रस्त्यावर.’ ‘धरताना गोड बोलते, लटकल्यावर हात वर करते.’ शाळेत निबंधाला मला कधी पाचाच्या वर मार्क पडले नाहीत, आणि इथे बाई माझे शेरे जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवायच्या. (डोक्यात हवा गेली होती, कबूल आहे.)

आता घात कसा झाला ते ऐका. गेल्या महिन्यात तीस पकडींचा नवा संच आला, नवशिक्यांसाठी. सोळा झाल्या. सतरावी बसवताना कोरकाकाचा नट खोक्यात पडला. (खोक्यामागचं हे सगळं मला फार नंतर कळलं.) टोपी खिळ्याला अडकायला लागली म्हणून त्याने ती काढून ठेवली, आणि नट शोधायला मागून डोकं आत घातलं. आत घालताना ते खोक्याला वरून आपटलं. एकदा नाही, दोनदा. टक, टक.

मी नियमाचा माणूस. हात घातले.

माझा त्या दिवशीचा शेरा तसाच्या तसा उतरवून देतो: ‘क्र. १७. मोठी, गोल, गुळगुळीत, तरी हात सुटत नाही. अजून उबदार आहे, नुकतीच साच्यातून काढलेली दिसते. मागच्या बाजूला बारीक खरखर, ती तशीच ठेवावी. दोन्ही बाजूंना खाली मऊ कड आहे, लटकताना फार उपयोगी. साडेनऊ.’ दहापैकी साडेनऊ मामा! वहीच्या इतिहासात तोवर कुणाला आठच्या वर मिळाले नव्हते. आतून ‘उं उं’ ऐकू येत होतं, पण तोंडात वॉशर असले की तो गुणगुणतोच. मी दोन्ही मऊ कडा धरून चांगलं वजन टाकून पाहिलं, तेव्हा चाल जरा वरच्या पट्टीत गेली, एवढंच.

कोरकाका बाहेर आला, टोपी घातली, आणि एक अक्षर न बोलता खरी सतरावी पकड बसवून टकटक केली. मी तिला अठरावी म्हणून लिहिलं. दिवसभर त्याच्या टोपीखालून पांढरी पूड गळत होती. मला वाटलं कोंडा. संध्याकाळी तीस पकडींचे एकतीस शेरे झाले, तर मला वाटलं, कारखान्याने एक जास्तीची टाकली असेल, मन मोठं असतं एकेकाचं.

बाईंनी वही वाचली आणि सतरा नंबरच्या चाळीस पकडी ओतून एका नव्या हॉलला पाठवल्या. खरी सतरावी म्हणजे नखभर कड! पाल असती तरी तिने आधी विचार केला असता. उद्घाटनाच्या दिवशी तासाभरात अकरा नवशिके खाली आले, सगळे एकाच ठिकाणाहून. दोर असल्यामुळे लागलं कुणालाच नाही, पण एक दाताचे डॉक्टर अर्धा तास हवेत गोल फिरत होते.

बाईंनी मला खोक्यापुढे उभं केलं आणि सतरा नंबर हातात दिला. ‘हे साडेनऊ?’

मी डोळे मिटून चाचपलं. ‘बाई, शपथेवर सांगतो, ही ती नव्हे. ती गोल होती. उबदार होती. मागे खरखर होती.’

‘अशी पकड आपण बनवलेलीच नाही.’

‘मग मी धरलं काय?’

कोरकाकाचे कान टोपीखालून लाल दिसायला लागले, आणि त्याचा हात हळूच टोपीकडे गेला. बाईंची नजर त्या हातावर.

‘काका, टोपी काढा.’

‘नाही काढणार.’

‘काका, पोराची नोकरी जातेय.’

त्याने एकेक करून चारही वॉशर तोंडातून काढले, खिशात ठेवले, माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘मेल्या, कान अजून दुखतायत,’ आणि टोपी काढली. बाईंनी डोळे मिटले, दोन्ही हात त्या डोक्यावर ठेवले आणि बराच वेळ चाचपत राहिल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, ‘साडेनऊ बरोबर आहेत.’

त्या तीन शब्दांनी मी वाचलो; पण अर्धाच. बाईंनी अट घातली की शनिवारच्या आत ही पकड खरीखुरी बनली पाहिजे, तर मी कायम. कोरकाकाने एक हात डोक्यावर ठेवून दुसऱ्याने कोरून पाहिलं, कलिंगड झालं. मी म्हटलं, सरळ डोक्यावर प्लास्टर थापून साचा काढू. तर तो उसळला, ‘चढताना लोक जे हाताने धरतात त्यावरच नंतर पाय देतात, माहितीय ना? माझ्या डोक्यावर?’ दुसरं कुठलंही डोकं आण, म्हणाला, मी साचा काढून देतो. चार दिवस मी बसस्टॉपवर उभा राहून डोकी बघतोय. एकाने पोलिसांचं नाव काढलं.

असो. पत्र लांबलं. तुम्हाला भेटून फार दिवस झाले, इथली हवा गुडघ्याला उत्तम आहे. सोबत बसचं तिकीट जोडलंय, शुक्रवार सकाळचं. नुसते भेटायला या, बाकी काही हेतू नाही.

तुमचा भाचा,
(अजून माणूस नाही, शनिवारी कळेल)

ता. क. येताना टोपी आणू नका.

ता. क. २. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. मामा, तुमच्या खांद्यावर बसून मी अख्खं बालपण फिरलो, तेव्हा धरायला केस नव्हतेच, तरी एकदाही पडलो नाही. कोरकाकाला साडेनऊ मिळाले तेव्हा मी अर्धा मार्क का राखून ठेवला, हे मला बसस्टॉपवर कळलं. प्लास्टर थंड असतं, पण वीस मिनिटांत सुटतं. फक्त डोक्याचा वरचा भाग आणि कान.

ता. क. ३. पाय देण्याबद्दल मी वर काही लिहिलं असेल तर ते कोरकाकाचं मत समजावं.

ता. क. ४. मामींना मी कालच फोन करून विचारलं. त्यांची पूर्ण संमती आहे. एकच अट घातलीय, भिंतीवर चढायला पहिला नंबर त्यांचा.