माझा गॅस, माझी कॉफी

ता. ४ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे.

तू पाठवलेलं कॉफीचं यंत्र पोचलं. दिसायला देखणं आहे, पण पाण्याच्या टाकीपासून कॉफी जमते त्या जगापर्यंत सगळं प्लॅस्टिक. नुसतं पाणी गरम करून पाहिलं, तर नव्या रेनकोटचा वास! त्या पाण्यात काय उतरतं, किती उतरतं, मला ठाऊक नाही. अपाय होईलच असंही म्हणत नाही. पण जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळली. वास येणारं पाणी मी मुलांना प्रयोगालासुद्धा दिलं नाही, ते स्वतः का पिऊ?

काचेचं नरसाळं आणि गाळणकागद आणलाय. स्टीलच्या किटलीत पाणी उकळते आणि वरून बारीक धार धरते. झकास कॉफी होते. यंत्र परत ने.

राग यंत्रावर आहे, तुझ्यावर नाही.
तुझी आई

ता. १२ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हे पोट धरून हसले. मला नाही हसू आलं.

खाण्यापिण्याला चालणारं प्लॅस्टिक आहे ते, खोक्यावर तसं छापलंय. चारदोनदा गरम पाणी फिरवलं की वास जातो. मीही तसलंच यंत्र वापरते. पण खरं सांगू? प्रश्न प्लॅस्टिकचा नाहीच. मागे गॅसवर दूध ठेवून तू वाचत बसलीस आणि पातेल्याचा कोळसा झाला. शेजारच्या काकूंनी दार ठोठावलं तेव्हा तुला कळलं. यंत्र आपोआप बंद होतं, म्हणून पाठवलं.

दादाशी बोलणं झालंय. गॅस सोडणार नसशील, तर तू आमच्याकडे राहायला यायचंस. मागची खोली रिकामी केली, पडद्यांचं मापही घेतलं. महिनाअखेरीला दादा न्यायला येईल. आता हट्ट सोड.

काळजीपोटी रागावते, एवढं समजून घे.
तुझी ठकू

ता. १८ मार्च

चि. ठकूस,
अ. आ.

पडदे स्वतःच्या खोलीला लाव.

पातेलं जळलं, कबूल. पुस्तक चांगलं होतं. त्या दिवसापासून गॅस पेटलेला असला की मी ओट्यापाशी स्टुलावर बसते आणि पुस्तक बाहेरच्या खोलीत ठेवते. प्रयोगशाळेत काही फुटलं तर आम्ही शिस्त वाढवायचो, कुलूप नाही लावायचो. इथे मनाला येईल तेव्हा उठून मी माझ्या हाताने कॉफी करते. तुझ्याकडे ती बटण दाबून मिळेल आणि बटणही तूच दाबशील.

दादाला म्हणावं खुशाल ये, कॉफी पी आणि एकटाच परत जा.

लोभ असू दे, आग्रह नको.
आई

ता. २६ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दादाला यातलं काही सांगू नकोस. परवा सकाळी ऑफिसची घाई, फोन कानाला, आणि यंत्रातली कॉफी गार झालेली. ती गरम करायला मी जग उचलला आणि सरळ गॅसवर ठेवला. प्लॅस्टिकचा जग, आई! बूड वितळून बर्नरवर बसलं, घरभर काळा धूर. ह्यांनी धावत येऊन गॅस बंद केला. बर्नर अजून खरवडते आहे. तू हसशील म्हणून लिहिणार नव्हते, पण तुझ्यापासून लपवून चैन पडेना.

फार हसू नकोस, एवढीच विनंती.
ठकू

ता. २ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

हसले, पण आधी घाबरले. कुठे भाजलं नाही ना, खरं सांग.

आता कामाचं. माझी बाहेरची खोली तुझ्यासाठी रिकामी करते आहे. पडद्यांचं माप घेतलंय. गॅसवर प्लॅस्टिक ठेवणाऱ्या बाईवर स्वयंपाकघर सोपवणं बरं नव्हे. जावईबापूंना सांग, सामान बांधा. हट्ट सोड.

काय, राग आला? मलाही असाच आला होता. तुझी चूक झाली ती घाईची, माझी झाली ती वयाची, हे कुणी ठरवलं? ज्या दिवशी जमेनासं होईल, त्या दिवशी मीच तुला कळवीन. तोवर कुणी मला उचलून न्यायचं नाही.

दादा काल आला होता. दोन कप कॉफी प्याला आणि एकटाच परत गेला. तुझ्या धुराचं त्याला काही सांगितलं नाही. तुझ्यासाठी त्याच्याबरोबर काचेचं नरसाळं पाठवलंय. धार धरताना फोन खाली ठेवावा लागतो, तेवढं कर.

पोटभर आशीर्वाद, पडद्यांसकट.
तुझी आई
मुक्काम : स्वतःचं घर