प्रत्येक पाळीला फिल्टर बदलावा

प्रिय धाकटे,

फोन उचलत नाहीस म्हणून रागावलेलो नाही. उचलला असतास तर मी पुन्हा इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला असता, एवढं मला आता स्वतःबद्दल कळलंय. म्हणून कागद घेतला. सोमवारी चौकशीला जाण्याआधी बसून हे शेवटपर्यंत वाच. मधेच फाडू नकोस.

आधी घरचं सांगतो. आईला आम्ही काही कळू दिलेलं नाही. चार नंबरच्या खाटेवरचा तो शिंपी तुझ्या दुपारपाळीत गेला, त्याच्या मुलाने तक्रार केली आणि तुला घरी बसवलंय, यातलं तिला काहीच ठाऊक नाही. रोज विचारते, धाकटीचा फोन कसा नाही. तुझी वहिनी म्हणाली, कामाचा ताण आहे हो तिला. आई म्हणाली, ताण सगळ्यांनाच असतो, तो काय फोनच्या वायरीत अडकतो का. वहिनी हसली. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेलो. सकाळी देवापुढे बसतो, पण पाठ असलेली स्तोत्रंसुद्धा मधेच तुटतात आणि पुढची ओळ सापडत नाही.

या नव्या औषधाचा अभ्यास आमच्याकडे सुरू झाला तेव्हा तू किती चिडवायचीस मला. गावच्या शाळेत पाटीवर थुंकी लावून पुसणारा माझा दादा आता संशोधक झाला, म्हणायचीस. मी संशोधक कसला, व्हेंटिलेटरला नळ्या जोडणारा माणूस. पण खरं सांगू, मला या कामाचा अभिमान वाटायचा. फुप्फुसं थकून गेलेली माणसं, श्वास यंत्रावर चाललेला. अशांना औषध शिरेतून न देता त्याचं बारीक धुकं करून दर चार तासांनी श्वासाच्या नळीतच सोडायचं, म्हणजे ते जिथे हवं नेमकं तिथेच उतरेल. अर्ध्या रोग्यांना खरं औषध, अर्ध्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाच्या वाट्याला काय आलं ते आपल्याला कळायचं नाही. हे मला फार आवडलं होतं. वाटायचं, करणाऱ्याला फळ माहीत नसलेलंच बरं, त्याने नुसतं काम चोख करावं.

चोख कामाची एक बाब तुला माझ्याइतकीच ठाऊक आहे. रोग्याने सोडलेला श्वास यंत्राबाहेर पडण्याआधी मुठीएवढ्या फिल्टरमधून जातो. उरलेलं धुकं त्यात अडकतं. मिठाचं पाणी वाळून जातं, पण हे औषध चिकट. एकदा दिलं की फिल्टर ओला होतो, दोनदा दिलं की गच्च. म्हणून अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या मॅडमच्या इंग्रजी तक्त्यात लिहिलं होतं की प्रत्येक वेळी औषध देऊन झालं की फिल्टर टाकून नवा लावायचा. तो तक्ता वाचत कोण होतं? तूच मला म्हणालीस, दादा, आमच्या मुलींना आणि मावशींना हा इंग्रजी तक्ता काय कामाचा, तू साध्या मराठीत लिहून पाठव, तुझं अक्षरही मोत्यासारखं आहे. मॅडमनाही ते पटलं. म्हणाल्या, तुमची भाषा सरळ आहे, तुम्हीच लिहा.

मी दोन संध्याकाळ घालवल्या त्यावर. नवव्या ओळीला मी लिहिलं होतं, ‘औषधाच्या प्रत्येक पाळीला फिल्टर बदलावा.’ वाक्य एका ओळीत मावेना. शेवटचा ‘बदलावा’ खाली एकटाच लोंबत राही, आणि त्याने पानाची सगळी शोभा जाई. म्हणून मी पहिला शब्द काढून टाकला. मग ती ओळ दोन्ही बाजूंनी सारखी बसली. ‘प्रत्येक पाळीला फिल्टर बदलावा.’ मला ती इतकी देखणी वाटली की मी ती तुझ्या वहिनीला वाचून दाखवली. ती म्हणाली, छान आहे, पण भाजी कधी आणताय. खाली माझी आद्याक्षरं घातली, कागदावर प्लास्टिक चढवलं, आणि तो तुमच्यासकट दहा हॉस्पिटलांत गेला.

आमच्या वॉर्डात तो कागद कुणी वाचलाच नाही. इथे मी स्वतः प्रत्येकीचा हात धरून शिकवलं होतं की धुकं संपलं की फिल्टर काढायचा. कागद भिंतीवर नुसता शोभेला. बाकी ठिकाणी शिकवायला मी नव्हतो, माझी ओळ होती. तिथे सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी अशा तीन पाळ्या. मग दिवसाला तीन फिल्टर. शाळेत गुरुजी एकाच शब्दाचे दोन अर्थ दोन वाक्यांत वापरायला सांगत, आणि मी पहिला हात वर करायचो. इथे मीच एक शब्द घेतला आणि त्याला दोन अर्थ आहेत हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

कळलं ते आमच्या भांडारवाल्यामुळे. तू त्याला ओळखतेस, अभ्यासाचं सामान सगळ्या हॉस्पिटलांना धाडणारा, प्रत्येक खोक्यासाठी जीव टाकणारा. खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, काय हो साहेब, बाकीचे एका पेशंटला रोजचे तीन फिल्टर मागतात आणि तुम्ही सहा, तुमच्या वॉर्डात तळून खाता का काय. रांगेतले सगळे हसले, मीही हसलो. खोकी उचलून जिन्यापर्यंत आलो आणि पाय तिथेच थांबले. चार तासांनी औषध म्हणजे दिवसाला सहा वेळा. मग तीन कसे पुरतात?

त्या दुपारी मी दुरुस्तीच्या खोलीत सुटं यंत्र लावलं. रोग्याच्या जागी चाचणीचं रबरी फुप्फुस जोडलं. अभ्यासातली मुदत संपलेली कुपी होती, तिचं धुकं एकदा सोडलं. फुगा भरे, रिकामा होई. फिल्टर न बदलता थोड्या वेळाने दुसऱ्यांदा सोडलं. आता फुगा भरायचा, पण पुरता रिकामा व्हायच्या आत यंत्र पुढचा श्वास आत ढकलायचं. प्रत्येक वेळी थोडी हवा आत राहायची. थोडी, मग आणखी थोडी. यंत्र ओरडलं नाही, आकडे इतके हळू चढत होते. दहा मिनिटांनी फुगा टणक होऊन जागच्या जागी थरथरत राहिला. जिवंत माणसाच्या छातीत हे झालं तर हृदयाला हलायला जागा उरत नाही. आणि बाहेरून दिसतं ते असं की आजार बळावला. मग डॉक्टर यंत्राचा जोर वाढवतात. मी हात लांब करून यंत्र बंद केलं. फुगा मात्र लगेच सैल झाला नाही.

तुझ्या शिंप्याचं हेच झालं. नळी घालायच्या आधी तो तुला म्हणाला होता ना, सिस्टर, तुमच्या ॲप्रनची बाही एक बोट लांब आहे, बरा झालो की आखूड करून देतो. तू त्याला आपल्या माणसासारखं सांभाळलंस. दुपारच्या पाळीत आल्या आल्या फिल्टर बदललास, कागदात लिहिलं होतं तसा, आणि त्याच पाळीत त्या एका फिल्टरवर दोनदा औषध गेलं. तुझ्या वहीत वेळही लिहिलेली आहे. तुझं काही चुकलेलं नाही.

आज सकाळी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझा तो देखणा कागद जवळ ओढून नववी ओळ वाचली. अभ्यास थांबवलाय. दहा जागांत मिळून आजवर सव्वीस रोगी गेले. त्यातले आजाराने किती आणि माझ्या नवव्या ओळीने किती, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नाही. औषध गुणाचं होतं की नाही, तेही आता कळणार नाही. आठ ठिकाणी निरोप पोचलाय. दोन ठिकाणी फोन नुसता वाजत राहतो. त्या दोन ठिकाणी मिळून पाच माणसं यंत्रावर आहेत. हे लिहिताना मी मधूनमधून उठून फोन लावतोय. अजून कुणी उचललेला नाही.

मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, हे तुम्हाला कळलं कधी. त्यांना जी तारीख सांगितली तीच तुला सांगतो. रबरी फुगा मी भरला तो सतरा तारखेच्या मंगळवारी. तुझा शिंपी गेला सव्वीसला, गुरुवारी. मधले नऊ दिवस मी गप्प होतो. महिन्याच्या बैठकीत सांगू म्हटलं, बाकीच्या हॉस्पिटलांच्या एव्हाना लक्षात आलं असेल म्हटलं, कागदाखाली माझी आद्याक्षरं आहेत हे तर मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नाही. रोज देवापुढे बसत होतो. गुरुवारी रात्री तू रडत फोन केलास आणि विचारलंस, दादा, माझं काय चुकलं रे. मी म्हणालो, देवाची इच्छा, आपल्या हातात काय असतं. सगळं माहीत असून म्हणालो. सोमवारी तुझ्यापुढे एक कागद ठेवतील, फिल्टर बदलण्यात हयगय झाली असं त्यात लिहिलेलं असेल. त्यावर सही करू नकोस. माझा लेखी जबाब, तारखांसकट, त्यांच्याकडे आधीच पोचलेला असेल, आणि तो ते तुझ्यासमोर वाचून दाखवतील. ते नऊ दिवस तुला परक्या तोंडून कळू नयेत, म्हणून हे पत्र.

अजून तुझाच म्हणवून घेता येत असेल तर,
दादा