दादांची तार

॥ श्री ॥
पंचवटी, नाशिक
२१ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप खंडेरावदादांस,
धाकटी बहीण मालन हिचा शि. सा. न. वि. वि.

माझी तार पोचली असेल. पाय प्लास्टरमध्ये असताना निघायचं वेड डोक्यात घेऊ नका. फॅक्टरीच्या जिन्यावरून उड्या मारायचं तुमचं वय राहिलं नाही, हे मी मागेच लिहिलं होतं.

तुमच्या पाठच्या गोरक्षचं असं झालं. शुक्रवारी तो दिंडोरीला मळ्यात द्राक्षांवर औषध मारत होता. पंपाचं नोझल तुंबलं, ते यानं तोंडानं फुंकलं. सगळेच फुंकतात. तासाभरात उलट्या, तोंडाला फेस, आणि इथे इस्पितळात आणेस्तोवर छाती हलेनाशी झाली.

डॉक्टरांनी तोंडातून थेट श्वासनळीत एक नळी घातली आहे. मी सगळं विचारून घेतलं. ती स्वरयंत्राच्या मधून जाते, म्हणून त्याला बोलता येत नाही. चुकून अन्ननळीत गेली तर हवा पोटात जाते आणि माणूस हातचा जातो, म्हणून ते छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पुन्हा पुन्हा ऐकतात. नळीच्या टोकाला रबरी फुगा आहे. तो दाबला की गोरक्षला श्वास मिळतो. इथलं एकुलतं एक यंत्र दुसऱ्या रोग्याला लावलंय, त्यामुळे फुगा आम्हीच आळीपाळीनं दाबतो: मी, आमचे हे, चांगुणावहिनी आणि तिचा भाऊ बहिरू. माझी बोटं सुजलीत. पण गोरक्ष शुद्धीवर आहे, ओळखतो. काल त्याला म्हटलं की तुझ्यापायी शाळेत पोरांना मारायला हात उरला नाही, तर त्याचे डोळे हसले.

मोठ्या वहिनींना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा.
आपली,
मालन


॥ श्री ॥
नाशिक, २९ नोव्हेंबर

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची तार आज सकाळी मिळाली. ‘गळा कापू देऊ नका, पत्राची वाट पाहा,’ एवढंच तिच्यात आहे.

काल डॉक्टर म्हणाले की तोंडातली नळी आता फार दिवस झाली. आतून श्वासनळी घासली जाते, सुजते. घट्ट कफ नळीत साचतो. एखाद्या वेळी नळी बंदच पडली, तर जुनी काढून नवी घालायला सुजलेल्या घशातून वाट मिळेल याची खात्री नाही. म्हणून गळ्याला खाली लहानसं छिद्र पाडून तिथून आखूड नळी घालायची. त्यातही रक्तस्रावाचा धोका आहे, पण तो कमी, आणि बरं झाल्यावर छिद्र बुजतं. मला हे सगळं कळलं होतं, दादा. पण वहिनी म्हणाली, थोरल्या भाऊजींना विचारल्याशिवाय सही नाही. तारेत किती शब्द मावणार? गळ्याला भोक पाडायचं म्हणतात, सही करू का, एवढंच मी लिहिलं. ते वाचून कुणीही नकोच म्हणेल.

तुमची तार ऐकून वहिनीनं कागद घडी घालून परत दिला. कफ ओढून काढताना गोरक्ष तडफडतो आणि मला फार भीती वाटते. तुमचं पत्र लवकर येऊ दे.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारी,
मालन


॥ श्री ॥
जबलपूर, २९ नोव्हेंबर

चि. मालन हिस अनेक आशीर्वाद.

काल तार लिहिताना आपले नानाच डोळ्यांपुढे होते. नानांच्या ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली होती. तू तेव्हा आठवीत होतीस. सकाळी नाना चालत आत गेले आणि दुपारी मी त्यांना झाकलेलं पाहिलं. आई शेवटपर्यंत मला एक शब्द बोलली नाही, तेच मला जास्त लागलं.

आता गोरक्षचाही गळा मीच कापायला सांगू का? नळी आहे, श्वास चालू आहे, मग घाई कसली? पाय सुटला की मी येतोच. तोवर धीर धरा. चांगुणेला सांग, मी आहे.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
जबलपूर, १ डिसेंबर

चि. मालनस आशीर्वाद.

परवाचं पत्र फाडून टाक. आज सकाळी पाय दाखवायला फॅक्टरीच्या दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टरांना गोरक्षचं विचारलं. त्यांनी चिठ्ठीमागे गळ्याचं चित्र काढून समजावलं. गळा कापणं म्हणजे मी समजत होतो तसं नाही गं. नळी घालून किती दिवस झाले, असं त्यांनी विचारलं. तेरा म्हणताच त्यांची पेन्सिल थांबली. म्हणाले, आधी तार करून या.

कुबड्यांवर तसाच तार ऑफिसात गेलो. लगेच सही करा, अशी तार केली आहे. हे पत्र पोचेल तोवर सगळं उरकलेलं असेल. डॉक्टर सांगतात, पुढे बरं वाटलं की छिद्रावर बोट ठेवून रोग्याला बोलता येतं. गोरक्षला म्हणावं, पहिली शिवी मला घाल. मी ऐकायला येतो.

तुझा मूर्ख
दादा


नाशिक, ६ डिसेंबर

ती. दादांस,
मालनचा नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं काल एकाच टपालात आली. गोरक्ष गेल्याचं तारेनं कळवलंच होतं. कसा गेला ते लिहिते.

गुरुवारी सकाळी सातला बहिरू फुगा दाबत होता. एकाएकी फुगा दाबला जाईना. नळी कफानं बंद झाली होती. डॉक्टर धावत आले, जुनी नळी काढली, नवी घालायला तीनदा पाहिलं. घशात वाटच राहिली नव्हती. चौथ्यांदा न बघता त्यांनी सुरी मागितली, पण ती हातात येईपर्यंत सगळं संपलं होतं. तोवर गोरक्ष माझ्याकडे पाहत होता. मला ते विसरता येत नाही आणि येणारही नाही.

तुमची दुसरी तार त्याच दिवशी चारला आली, आम्ही स्मशानातून परतल्यावर. दारात मीच घेतली. ती मी कुणाला दाखवलेली नाही. तुम्ही सगळा दोष एकट्याच्या डोक्यावर घ्याल, म्हणून सांगते: बहिणीची सही चालेल, असं डॉक्टर मला म्हणाले होते. मला सगळं कळत होतं. मी तुमच्या शब्दाआड लपले.

चांगुणावहिनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगते की थोरल्या भाऊजींनी गळा कापू दिला नाही, म्हणून माझा धनी अंगाला सुरी न लागता गेला. त्या एका गोष्टीवर ती दोन घास खाते. तुम्ही याल तेव्हा ती तुमच्या पाया पडेल. तेव्हा काही बोलू नका, दादा, आणि पाय मागे घेऊ नका.

माझ्यावरची माया कमी करू नये.
मालन