पान ४१ आणि तीस प्रती

मी, माध्यमिक शाळेतील निवृत्त भाषाशिक्षिका, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. मुलगा शेजारच्या खोलीत आहे, म्हणून दार लावून घेतले आहे. पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलाला. कपाटाची किल्ली मात्र वकिलांकडे राहील.

२. कपाटात एका कादंबरीच्या तीस प्रती आहेत. सव्वीस वर्षांपूर्वी ही कादंबरी मी दहावीला शिकवत असताना शाळेच्या समितीकडे निनावी तक्रार गेली. सोबत ब्लेडने कापलेले पान ४१ होते. त्यावर ग्रंथालयाचा शिक्का होता: प्रत १७. ही प्रत त्या आठवड्यात ग्रंथालयाबाहेर गेलेली नव्हती. कादंबरी बंद झाली. प्रती रद्दीत जाणार होत्या, त्या मी घरी आणल्या.

३. ग्रंथपालांशी मी तेव्हापासून बोलले नाही. ते फाटकाशी येऊन म्हणत, "बाई, मी नाही." मी खिडकी लावून घेई. पट्टी धरून इतके सरळ कापणारा शाळेत दुसरा कोणी नव्हता.

४. गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला, "आई, ते पान मी कापलं. तक्रारही मीच पाठवली. ग्रंथपालकाकांना आता सोड."

मला पटले नाही. दहावीत त्याला सरळ रेघ मारता येत नव्हती. ग्रंथपालांना बोलावून घेतले.

"पट्टी माझीच," ते म्हणाले. "त्यानं मागितली, मी दिली. कशाला, ते नंतर कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं पोरगं, बाई. आणि तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही ठरवूनच टाकलं होतं."

मुलाला विचारले, का कापलेस? तो म्हणाला, "तू वगळलंस ना ते. मला वाटलं, काहीतरी घाण असणार. पोरं चिडवायची."

५. हे खरे आहे. त्या पानावर एक विवाहित बाई आपल्याला परक्या पुरुषाची ओढ वाटते, एवढे स्वतःशी कबूल करते. तिसऱ्या बाकावर माझा मुलगा होता. "हे पुढे घेऊ," म्हणून मी पान उलटले. अशा कादंबऱ्या वर्गात शिकवाव्यात का, असे समितीने विचारले तेव्हा मी तासभर बोलले. हे सांगितले नाही. माझे उत्तर अजूनही तेच आहे. शिकवाव्यात. पण सगळी पाने वाचायची हिंमत नसेल, तर हात लावू नये.

६. एकोणतीस प्रती शाळेला. अट एक: पान ४१ शिक्षकाने वर्गात मोठ्याने वाचावे. मुख्याध्यापक "हो, हो" म्हणतील आणि प्रती अडगळीत टाकतील, असा मला संशय आहे. म्हणून त्या तासाला ग्रंथपालांनी मागच्या बाकावर बसावे. पान उलटले गेले, तर प्रती त्याच दिवशी परत आणाव्यात.

७. प्रत १७ मुलाला. ते पान समितीच्या कारकुनाने जपून ठेवले होते. मी परत चिकटवले आहे. पट्टीने कापलेले असल्यामुळे नीट बसले.

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ मार्च
सही: निवृत्त भाषाशिक्षिका

साक्षीदार १: डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: निवृत्त ग्रंथपाल. सही माझ्यासमोर झाली. तीस प्रती मोजल्या, पान ४१ सर्वांत आहे. बाईंनी मला पुन्हा मोजायला लावले.