लक्ष्मीची पावलं

बाबा, आज बारा फेब्रुवारी, गुरुवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. भायखळ्याच्या तबेल्यात चण्याच्या पिंपावर बसून लिहितोय. आत्ताच घोडीवरून खोगीर उतरवलं आणि तिच्या पाठीकडे बघून माझं डोकं चालेनासं झालंय. खोगीर आपलं वरातीचं नाही. उद्या लालबागच्या नवरदेवाला काऊबॉय होऊन यायचंय, म्हणून मालकांनी शूटिंगवाल्यांकडून विलायती खोगीर आणलं. पुढे धरायला मूठ, मागे उंच टेकू, पोटाखालून दोऱ्यांचा रुंद तंग. तंग आवळला की घोडी कान मागे टाकते आणि चावायला येते. सकाळी माझी बाही फाडली. मालक म्हणाले, "उद्या वरातीत कुणाला चावली ना, तर परवा विकून टाकीन. तू बघ काय ते."

मी तुमचंच केलं. "नमदा जाड, तर घोडं राजी," असं तुम्ही म्हणायचात. खोगिराखाली लोकरीच्या गादीसारखा एक नमदा होता, त्यावर दुसरा घातला, मग तिसरा. दर वेळी ती जास्तच बिथरली. तुम्ही काळाचौकीच्या खोलीतून आईची गोधडी उचलून नेलीत, तो दिवस आठवला. आई लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून दारात येते. "अहो, माझ्या बाळंतपणातली गोधडी घोडीला?" तुम्ही चपला घालता घालता म्हणता, "तुला दुसरी मिळेल गं. तिला पाठ एकच आहे." आई चिडलेली असूनही हसते. या माणसाइतकी माया कुणाला नसेल, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं, आणि म्हणूनच काही सुचत नाही.

कारण आज तासभर फिरवून खोगीर काढलं, तर सगळी पाठ घामाने ओली होती. फक्त मानेच्या मुळाशी उंच हाड असतं ना, त्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन डाग कोरडे ठणठणीत. बोटाने हलकेच दाबलं तर तिने पाठ खचवली. तिथे इतका दाब होता की घामसुद्धा फुटला नाही. नेमक्या त्याच जागी तुमच्या जुन्या घोडीला पांढरे केस होते. तुम्ही त्यांना लक्ष्मीची पावलं म्हणायचात, वरातीआधी हळदकुंकू लावायचात. लोक बाकीच्या घोड्या सोडून तीच मागायचे. एकदा मी तिथे खरारा जोरात फिरवला, तर तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. "पावलांवर हात नाही टाकायचा!" मला वाटलं, देवाचं म्हणून. की तिला तिथे दुखायचं, हे तुम्हांला ठाऊक होतं? जखम भरली की तिथे पांढरे केस येतात, हे ऐकलं होतं, पण कालपर्यंत मी ते तुमच्या घोडीशी जोडलं नव्हतं. ती पावलं जखमेचीच होती का, हे आजही मी नीट सांगू शकत नाही. आणि तुम्ही गेल्यावर आता हे विचारायचं तरी कुणाला?

इथवर लिहून उठलो होतो. आता पाच वाजलेत. तिला थंड होऊ दिलं, मग दोन नमदे काढले. आधीच घट्ट बुटात आणखी मोजे घालावेत, तसं झालं होतं. एकच नमदा ठेवला, खोगीर खांद्याच्या हाडामागे सरकवलं, तंग थोडा ओढला. चार पावलं चालवली, पुन्हा थोडा ओढला. पुन्हा चालवली. तंगाखाली दोन बोटं जेमतेम गेली, तिथे थांबलो. कान पुढेच. ती गवत चघळत उभी राहिली. मालक बघत होते. "हे कुणी शिकवलं रे तुला?"

"बाबांनी."

"तो? तो तर गाद्याच्या गाद्या घालायचा!" मालक हसत हसत चहाला गेले. उद्या ढोलताशात, जाड्या नवरदेवाखाली ती अशीच उभी राहील का, माहीत नाही. पण विकायचं नाव मालकांनी पुन्हा काढलं नाही.

हे पान मी आईला दाखवणार नाही. आणि बाबा, खरं सांगतो, तुम्ही आज इथे उभे असतात तर मी एकही नमदा काढला नसता.